खेड्यातल्या घराचा औषधांचा डबा: काय भरायचं, काय बाहेर ठेवायचं

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. दिवेलागणीला शेजारच्या काकू दारात उभ्या. डाव्या हाताला पदर गुंडाळलेला आणि पदरातून रक्त ठिबकतंय. "मॅडम, तुमच्याजवळ पट्टी हाये म्हणे." इळा सटकून बोटांवर बसला होता.

माझ्याकडे डबा होता. बदली होऊन यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा मेडिकलमधून चौदाशे रुपयांचं सामान एका दमात उचललं होतं. त्यात खोकल्याच्या तीन बाटल्या होत्या, दोन स्प्रे होते, चिकटपट्ट्यांचा अख्खा डबा होता. गॉज, म्हणजे जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड, मात्र नव्हता. मी कापसाचा बोळा दाबला आणि वरून रुमाल बांधला. प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचेस्तोवर तो कापूस जखमेत असा चिकटला, की सिस्टरना पाणी घालून चिमट्यानं एकेक तंतू ओढावा लागला. काकू दात आवळून बसलेल्या. सिस्टर मला म्हणाल्या, "कापसाच्या गावात राहता म्हणून जखमेतही कापूसच पेरता का?"

त्यानंतर तो डबा तीनदा रिकामा करून पुन्हा भरला. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. खाली लिहिलेलं सगळं आरोग्य सेविका, आशाताई आणि केंद्रातले डॉक्टर यांना विचारून, आणि स्वतः चुकून शिकलेलं आहे. नोकरीनिमित्त, लग्न होऊन किंवा शहर सोडून पहिल्यांदाच खेड्यात राहायला आला असाल तर उपयोगी पडेल.

1. मेडिकलमध्ये जाण्याआधी अंतर मोजा

डबा म्हणजे घरचा दवाखाना नव्हे. घटना घडली तिथपासून दवाखान्याच्या पायरीपर्यंतचा वेळ त्यानं निभावून न्यायचा असतो. म्हणून आधी हा वेळ किती आहे ते बघा, आणि तो दिवसाचा नको, रात्रीचा बघा. आमचं आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर आहे. पण मधे नाला आहे, आणि श्रावणात तो दोन-दोन तास उतरत नाही.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारून या. रात्री कोण असतं? सर्पदंशाचं इंजेक्शन इथे असतं की थेट ग्रामीण रुग्णालयात जायचं? कुत्रा चावल्याची लस कुठे मिळते? मी हे जूनमध्ये विचारलं तेव्हा तिथल्या बाबूंना नवल वाटलं, "काही झालं का मॅडम?" काही झालेलं नसतानाच विचारायचं असतं.

मग एक कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. 108 ही रुग्णवाहिका, फुकट, सोबत डॉक्टर असतो. 102 गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी. 104 वर आरोग्याचा सल्ला मिळतो. 112 पोलिसांसह सगळ्यासाठी. त्याखाली आशाताई, आरोग्य सेविका आणि गावात ज्याच्याकडे जीप किंवा ऑटो आहे अशा दोघांचे नंबर. दोघांचे, कारण एक जण नेमका लग्नाला गेलेला असतो. आणि सर्वांत खाली स्वतःच्या घराचा पत्ता, फोनवर जसा सांगायचा तसा: गाव, तालुका, कोणत्या फाट्यावरून आत, कोणत्या पाराजवळ. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा रस्ता सांगता येत नाही, हे मी पाहिलं आहे. पोडावर किंवा टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या लहान वस्तीवर, राहत असाल तर गाडी कुठपर्यंत येते आणि पुढे कुणी टॉर्च घेऊन उभं राहायचं, हेही लिहा.

2. डबा कसला आणि कुठे

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा किंवा स्टीलचा डबा पुरे. कुलूप लावू नका. रात्री किल्ली सापडत नाही. त्याऐवजी मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर ठेवा.

पण उंच म्हणजे टिनाखाली नव्हे. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर 25 किंवा 30 अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 असतं, टिनाखाली त्याहून जास्त. माझी पॅरासिटामॉलची पातळ औषधाची बाटली पहिल्या उन्हाळ्यात माळ्यावर होती, काढली तेव्हा रंग बदललेला आणि तळाशी गाळ. स्वयंपाकघर नको, फ्रिजच्या डोक्यावर नको, खिडकीत नको. मातीच्या भिंतीचं घर असेल तर मधल्या खोलीतला कोनाडा उत्तम. सिमेंटचं असेल तर सगळ्यात आतल्या खोलीत, पश्चिमेची भिंत सोडून.

उंदरांचंही लक्षात ठेवा. ओआरएसच्या पुड्यांत साखर असते, ते त्या कुरतडतात. पातळ औषधाच्या बाटलीला मुंग्या लागतात. दोन्ही झाकणाच्या पिशवीत घालून मगच डब्यात.

3. जखमेचं सामान

हे आधी घ्या, गोळ्या नंतर. याला एक्सपायरीची फारशी कटकट नाही आणि डब्यातलं सगळ्यात जास्त हेच वापरलं जातं.

- निर्जंतुक गॉजचे तुकडे, बंद पाकिटातले, निदान 10
- गुंडाळायच्या पट्ट्या, रुंद 2 आणि अरुंद 2
- क्रेप बँडेज 2 (ताणलं जाणारं, मुरगळण्यापासून सर्पदंशापर्यंत कामाला येतं)
- कागदी चिकटपट्टीचं एक रीळ
- हातमोज्यांचे 4-5 जोड
- बोथट टोकाची कात्री आणि चिमटा
- पोविडोन आयोडीनची लहान बाटली
- अंगाचा साबण, नवा, फक्त या डब्यासाठी
- डिजिटल थर्मामीटर, आणि टॉर्च, सेल वेगळे काढून ठेवलेला
- स्वच्छ धुतलेलं, उन्हात वाळवलेलं सुती धोतर किंवा लुगड्याचा मोठा तुकडा

शेवटची वस्तू मेडिकलमध्ये मिळत नाही, पण भाजल्यावर अंगावर टाकायला आणि हात गळ्यात अडकवायला तिच्यासारखं काही नाही.

वापरायची रीत साधी आहे. रक्त वाहत असेल तर गॉज किंवा स्वच्छ कापड ठेवून तळव्यानं घट्ट दाबा आणि दहा मिनिटं हात उचलू नका. थांबलं का ते बघायला दर मिनिटाला उघडलं की रक्त पुन्हा सुरू होतं. भिजलं तर वरून दुसरं ठेवा, पहिलं काढू नका. रक्त थांबलेल्या लहान जखमा साबण-पाण्यानं धुवा, कडेला आयोडीन लावा. हळद, चुना, चहापत्ती, राख यातलं काही भरू नका. आमच्या काकू अजून म्हणतात, "हळद भरली त होऊन जाते." होतही असेल, पण टाके घालायच्या आधी ती सगळी खरवडून काढावी लागते. इळा, कुऱ्हाड, काटा, तार यांच्या जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, हे केंद्रात त्याच दिवशी विचारा.

भाजलं तर 20 मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई तर नकोच. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढा आणि तो सुती तुकडा सैल झाका.

4. औषधं: थोडी, पण ओळखीची

ओआरएस. मोठ्या पुड्या किमान 6. एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धी पुडी ग्लासात आणि अर्धी उद्याला, असं करू नका. मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. लहान पुडी 200 मिलिलिटरची असते, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचा. लिटरभर पाणी मोजायला पाण्याची विकतची बाटली धुऊन डब्याशेजारीच ठेवली आहे. कालवलेलं पाणी 24 तासांनी फेकायचं. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्यानं, हळूहळू. मोठ्या मुलाला 100 ते 200. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानात खोक्यात मिळणारी गोड पेयं हे ओआरएस नव्हे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं बघून घ्या. आशाताईंकडे पुड्या फुकट मिळतात.

सोबत झिंकच्या गोळ्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला जुलाबात रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी 14 दिवस पूर्ण करायचे. इथेच सगळे सोडतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला निम्मं. शौचातून रक्त, खोल गेलेले डोळे, बाळ प्यायलाच तयार नाही, सुस्तावलं, सहा तास लघवी नाही, यातलं काहीही दिसलं की डबा बंद करून गाडी बोलवा.

पॅरासिटामॉल. मोठ्यांसाठी 500 मिलिग्रॅमच्या दोन पट्ट्या. एका वेळी एक किंवा दोन, मधे किमान चार ते सहा तास, 24 तासांत आठच्या वर कधीही नाही. रोज दारू घेणाऱ्याला किंवा कावीळ झालेल्याला डॉक्टरांना विचारूनच. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. ती आणि ही एकत्र घेतली की नकळत दुप्पट होतं.

मुलांच्या पातळ औषधाचा घोळ जरा नीट सांगते, कारण मी यातच फसले होते. त्याच नावाची बाटली दोन ताकदींत येते: 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम आणि 5 मिलिलिटरमध्ये 250. खोकी जवळजवळ सारखीच. माझ्या घरात एक जुनी, एक नवी अशा दोन्ही होत्या. लाइट गेलेली, पोरगं तापानं फणफणलेलं, आणि हातात कोणती आली ते मला कळेना. डोस वयावर नाही, वजनावर असतो: दर किलोला साधारण 15 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला 120 वालं 6 मिलिलिटर होतं, तर 250 वालं 3 च. म्हणजे चूक झाली तर थेट दुप्पट. आता घरात एकच ताकद ठेवते, मुलाचं वजन आणि त्याचे मिलिलिटर बाटलीवर मार्करनं लिहिते, आणि मोजायला सिरिंज किंवा मापाचं टोपण. घरचा चमचा नाही. दोन डोसांत सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप घरी बघायचाच नाही.

याखेरीज खाजेसाठी सेट्रिझिनची एक पट्टी (झोप येते, घेऊन गाडी चालवू नका), पित्तासाठी चघळायची अँटासिडची गोळी, आणि थोडा ग्लुकोज. बस.

घरात पन्नाशीपुढचं कुणी असेल तर 300 ते 325 मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन ठेवायची का, हे तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला तर 108 ला फोन लावून ती चावून खायला सांगतात. पण अल्सर असलेल्याला, अ‍ॅलर्जी असलेल्याला किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्याला ती धोक्याची. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत जिभेखाली ठेवायची दुसरी एक गोळीही असते. ती ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली त्याचीच. बीपी पडून माणूस कोसळू शकतो. अ‍ॅस्पिरिन सोळा वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही, आणि ताप डेंग्यूचा असू शकतो अशा दिवसांत तापावर कुणालाच नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकही त्या दिवसांत नको.

5. हे बाहेर काढा

उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. पट्टीवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध. "मागच्या खेपेला यानंच बरं वाटलं होतं" म्हणून दोन गोळ्या शेजारी देणं बंद.

मुलांच्या खोकल्याच्या बाटल्या. 2025 मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. कित्येक मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती, त्यामुळे आपल्याकडे ती बातमी घराघरांत पोचली. त्यानंतर केंद्र सरकारनं पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं नाहीतच, पाच वर्षांखाली सहसा नाही. माझ्या त्या तीन बाटल्या मी त्याच्या कितीतरी आधी फेकल्या होत्या, पण शहाणपणानं नव्हे, मुंग्या लागल्या म्हणून.

निमेसुलाइड असलेलं तापाचं औषध 12 वर्षांखालच्या मुलांसाठी 2011 पासून बंद आहे. जुन्या डब्यांत अजून सापडतं. तसंच उघडून महिना झालेले डोळ्यांचे थेंब, नाव-गाव नसलेल्या कागदी पुडीतल्या गोळ्या, आणि मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी, जी मुलांना द्यायचीच नाही.

आता एक बारीक सापळा. मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो आणि एक्सपायरी उरलेल्या भागावर राहते. मग वर्षानं हातात नुसता चकाकणारा तुकडा येतो, नाव अर्धं, तारीख नाही. शक्यतो पूर्ण पट्टी घ्या. कापून घेतली तर तिथेच काउंटरवर पेनानं तारीख लिहून घ्या. जनऔषधी केंद्र तालुक्याला असेल तर तीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. फक्त कंपनीच्या नावानं मागू नका, औषधाच्या नावानं मागा.

6. घरातल्या माणसांप्रमाणे भर घाला

बीपी, शुगर, दमा, फिट येणं यापैकी काही असेल तर पावसाळ्यात त्या गोळ्या किमान पंधरा दिवसांच्या पुढच्या ठेवा. नाला गोळ्या संपायची वाट पाहत नाही. इन्सुलिन असेल आणि लाइट जात असेल तर मातीच्या मडक्यात लहान मडकं ठेवून मधे ओली वाळू, त्यात बंद डबीत बाटली. दारातल्या माठासारखंच काम करतं. फ्रिजरमध्ये किंवा बर्फाला लावून कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या विदर्भात बऱ्याच घरांत आहे, आणि लाजेपायी त्याचं कार्ड पेटीच्या तळाशी असतं. ते वर काढा, डब्यात ठेवा. असह्य अंगदुखी, ताप, धाप लागली की नव्या डॉक्टरला पहिल्यांदा ते दाखवायचं.

7. डबा जिथे हात टेकतो

साप. याचं औषध घरी ठेवता येत नाही. प्रतिविष शिरेतून, डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावं लागतं. तुम्ही करायचं ते एवढंच: माणसाला आडवं करा, चालू देऊ नका, जोडवी, बांगड्या, अंगठी, काळा दोरा काढा. हात किंवा पाय काठीला क्रेप बँडेजनं बांधा, मोडलेल्या हाडाला बांधतात तसं, रक्त अडणार नाही इतपत सैल. आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, कोंबडी लावणं नाही. चावल्याची वेळ हातावर लिहा. साप शोधत बसू नका. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार या चौघांना एकच प्रतिविष चालतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसतही नाही. पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड होतायत, बोलणं अडखळतंय असं झालं तर कुणाला काही चावलं नाही म्हणून थांबू नका. देवस्थानाला जायचं असेल तर दवाखान्यातून परत येताना जा. गावातल्या म्हाताऱ्यांना एवढं मान्य होतं.

फवारणी. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली. फवारणाऱ्याला मळमळ, लाळ, घाम, डोळ्यांत बाहुली बारीक, हात थरथरणं दिसलं की काम तिथेच थांबवा. हातमोजे तुम्ही घाला, मग त्याचे कपडे काढा, साबण-पाण्यानं डोक्यापासून धुवा, नखंसुद्धा. डोळ्यांत गेलं असेल तर 15-20 मिनिटं पाणी. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका. औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

कुत्रा. 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबण लावून धुवा, घड्याळ लावून. मिरची, चुना नाही. लस त्याच दिवशी, आणि केसपेपरवरच्या पुढच्या सगळ्या तारखा पाळा. तिसऱ्या सुईला दांडी मारणारे गावात ढीगभर आहेत.

ऊन. उष्माघातात पॅरासिटामॉल चालत नाही. माणूस असंबद्ध बोलतोय, अंग पोळतंय, तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून पंख्यानं वारा घाला आणि 108. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका. खिशातला कांदा राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही.

8. कागदांची पिशवी

डब्यालाच बांधलेली, पाणी न शिरणारी पिशवी. त्यात आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, आयुष्मान कार्ड असल्यास तेही, गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी, प्रत्येकाचा रक्तगट आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, मुलांची वजनं तारखेसह. पाचशे रुपये सुट्टे. या पाचशेला घरात कुणी हात लावायचा नाही, असं ठरवून ठेवा. आमच्याकडे ते दोनदा किराण्यात गेले.

9. वर्षातून दोनदा उपसणं

मी अक्षय्य तृतीयेला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी डबा जमिनीवर उलटा करते. आखाजीला यासाठी, की उन्हाळ्याचं ओआरएस भरून पुढे मृगाची तयारी होते. पोळ्यानंतर यासाठी, की ओल लागलेलं काढून सोंगणी आणि कापूस वेचणीआधी गॉज-पट्ट्या भरता येतात. तारीख गेलेलं औषध नाल्यात किंवा शेणखड्ड्यात नको, गोळ्या गुरांच्या पोटात जातात. आरोग्य केंद्रात घेतात का विचारा.

या पोळ्याला मी डबा उपसत होते तेव्हा काकू पायरीवर बसल्या होत्या. गॉजची पाकिटं मोजून झाल्यावर त्यांनी दोन उचलली, "हे मी नेतो, वावरात लागतीन." डाव्या बोटावरचा व्रण अजून पांढरा दिसतो. मी वहीत बारातून दोन वजा केले.